मुक्ता शाळेत बोलत नाही

दिपमाला भित्री आहे, असं तिच्याकडे बघून कुणी म्हटलं नसतं. दीपनगरच्या कॉलनीत पाण्यावरून वाद झाला की ती जिना उतरून सगळ्यांच्या पुढे उभी राहायची. कुणाच्या मोरीत विंचू निघाला तर शेजारणी तिलाच हाक मारायच्या. नवरा किरण वीजकेंद्रात टेक्निशियन. त्याची कसलीही पाळी असली तरी ती लेकीला घेऊन एकटी निवांत राहायची. पण भुसावळला बाजाराला जाताना रिक्षा एका वस्तीपाशी वळायची. तिथं मशीद, मशिदीखाली सायकलदुरुस्तीचं दुकान, समोर चहाची टपरी. ते वळण आलं की दिपमालाचं बोलणं मध्येच तुटायचं. ती ओढणी सारखी करायची आणि शेजारी जो असेल त्याचा हात घट्ट धरायची. लग्नानंतर किरणचा, मुक्ता झाल्यावर मुक्ताचा. रिक्षा पुढे गेली की हात सुटायचा आणि बोलणं जिथं तुटलं तिथून पुन्हा सुरू व्हायचं. यात काही वेगळं आहे, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तिचं माहेर धुळ्याचं. वडील रुपचंद पिंपळनेरकडच्या एका खेड्यातून येऊन सूतगिरणीत लागलेले. आई सुंदरबाई घरी पापड-कुरडया करून द्यायची. दिपमाला तिसरीत असताना शहरात दंगल पेटली. वडील कामावर अडकलेले. भरदुपारी गल्लीतून कुणीतरी धावत गेलं, लांबून आरडाओरडा ऐकू आला आणि मग त्यांच्याच दारावर धडाधड थापा पडल्या. सुंदरबाईने पोरीला ओढून लोखंडी पलंगाखाली घेतलं, तिच्या तोंडावर हात दाबला आणि कानाशी पुटपुटली, "चूप. तोंड उघाडू नको. त्या लोक ई ऱ्हायनात."

ते लोक येताहेत. एवढंच. आईच्या हाताला कांद्याचा वास होता आणि नाकही अर्धं दाबलं गेलेलं. पापडाच्या डब्याखालून मुंगळ्यांची रांग चालली होती, ती दिपमाला बघत राहिली. थापा थांबल्या. आत कुणी आलं नाही. संध्याकाळी संचारबंदी लागली, तीन दिवसांनी वडील घरी आले, आणि त्या दुपारबद्दल घरात पुन्हा कधी विषय निघाला नाही. दिपमाला मोठी झाली, बी.ए. झाली, लग्न होऊन दीपनगरला आली. 'ते लोक' कोण, हे तिला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. ते तिला माहीतच होतं.

लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नव्हतं. मुक्ताईनगरला जाऊन नवस बोलली आणि पुढच्या वर्षी मुलगी झाली, म्हणून नाव मुक्ता. या पोरीसाठी दिपमालाने जीव पाखडला. परातीत रवा पसरून त्यात बोटानं अ, आ काढायला शिकवायची. चिंचोके, बटणं, तुरीच्या शेंगा, जे हाताला लागेल ते दोघी मोजत बसायच्या. पोळी लाटताना गोल, शंकरपाळं कापताना चौकोन. आणि एक वही होती. मुक्ता जो नवा शब्द बोलेल तो तारीख घालून त्या वहीत. अडीच वर्षांची झाली तेव्हा चारशेवर शब्द झाले होते. किरण हसायचा. "सरकारी नोंदवही आहे का ही?" दिपमाला म्हणायची, "मोठी झाली की वाचेल. आपण काय बोलायचो ते कळेल तिला."

मुक्ता साडेतीन वर्षांची झाली आणि जूनमध्ये तिला लताबाईंच्या बालवाडीत घातलं. लताबाई निवृत्त शिक्षिका. कॉलनीबाहेरच्या रस्त्यालगत त्यांचं बैठं घर, त्यातल्या पुढच्या दोन खोल्यांत बालवाडी. मागे स्वयंपाकघर, अंगणात एक पत्र्याची घसरगुंडी. मुलं अकरा. लताबाईंचा एक नियम होता, दर गुरुवारी एका मुलाच्या आईने तासभर वर्गात येऊन बसायचं. गोष्ट सांगा, भाजी निवडा, काहीही करा, पण मुलांसोबत करा. इतर आया कामाची सबब सांगायच्या. दिपमाला पहिल्याच गुरुवारी गेली, गवारीच्या शेंगा घेऊन.

वर्ग सांभाळायला एक ताई होती. तिशीतली, सावळी, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. मुलं नुसतं 'ताई' म्हणायची आणि आयाही तेच म्हणायच्या. ती रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन दुसऱ्याला अक्षर गिरवायला लावायची, आणि दोघांनाही वाटायचं की ताई फक्त आपलीच आहे. मुक्ता घरी येऊन दिवसभर ताईच्याच गोष्टी सांगायची. ताई म्हणाली, ताईने दाखवलं, ताईला असं येतं. दिपमालाला किंचित मत्सरही वाटायचा, पण बरंही वाटायचं.

जुलैत लताबाईंनी सगळ्यांना ओळखपत्रं केली. ताईच्या गळ्यातल्या पट्टीवर दिपमालाने पहिल्यांदा पूर्ण नाव वाचलं. हुरमत रमजान तडवी.

जेवताना तिने किरणला विचारलं, "अहो, तडवी म्हणजे कोण?"

"तडवी भिल्ल. यावल-रावेरकडं, सातपुड्याच्या पायथ्याला असतात. मुसलमान. आमच्या प्लँटमध्ये आहेत ना दोघं. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि त्याच्या पानात भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या फाटकाशी मुक्ताचा हात सोडताना तिला दोनदा बोटं सैल करावी लागली. ताई नेहमीसारखी हसली. तेच हसणं, तोच अंबाडा. पण दिपमालाला वाटलं, महिनाभर आपल्याला फसवलं हिने. साडी नेसते, मराठी बोलते, सांगायचं तरी. काय सांगायचं, हे मात्र तिच्या मनात स्पष्ट नव्हतं.

तेव्हापासून दुपारी पोरगी घरी आली की चौकशी सुरू झाली. ताईने काय खायला दिलं? डबा कुणी उघडला? बाथरूमला कोण घेऊन गेलं? ताई फोनवर बोलते का? कुठल्या भाषेत? मुक्ता आधी सगळं सांगायची. मग थोडं थोडं सांगायला लागली. मग एकेका प्रश्नावर आईच्या तोंडाकडे बघून गप्प व्हायला लागली. गेल्या वर्षी टीव्हीवर एका शाळेची वाईट बातमी आठवडाभर चालली होती. ती दिपमालाच्या डोक्यात होतीच. पोरीचं गप्प होणं तिला त्या बातमीच्या शेजारी जाऊन बसलेलं दिसायला लागलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी ताईनेच तिला फाटकाशी थांबवलं. "मुक्ताची मम्मी, एक विचारू? मुक्ता घरी बोलते ना?"

"म्हणजे? रेडिओ आहे घरी ती."

"इथं तीन आठवडे झाले, एक शब्द नाही. आधी किती बोलायची. आता मानेनं हो-नाही करते. बाथरूमला जायचं तरी साडी ओढते माझी. काही झालंय का?"

दिपमालाने मुक्ताला जवळ ओढलं. हीच विचारतेय, काही झालंय का. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. भुसावळच्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान तपासले, घसा तपासला, मुक्ताशी चेंडू खेळले. मुक्ता त्यांच्याशीही हळू आवाजात का होईना, बोलली. डॉक्टर म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे. काही मुलं ठराविक ठिकाणी बोलणं बंद करतात. भीती असते कसली तरी. ती गेली की बोलतात. घरात कुणाला कशाची भीती वाटते का?"

"घरात? नाही हो," दिपमाला म्हणाली. "घरात कसली भीती?"

मग घरात नाही तर कुठे? उत्तर तिच्याजवळ तयार होतं.

त्याच आठवड्यात बुधवारी पोरगी घरी आली, अंग धुताना दिपमालाला तिच्या मांडीवर लालसर निळी खूण दिसली. खरं तर ताईने सुटताना सांगितलं होतं, "घसरगुंडीवर पाय घासला हिचा. बर्फ लावलाय." दिपमालाने ते ऐकलं होतं. पण आता ओल्या अंगाच्या पोरीसमोर उकिडवी बसून ती खूण बघताना तिला वाटलं, ती घसरगुंडीच म्हणणार. दुसरं काय म्हणणार? "मुक्ता, हे कुणी केलं?" मुक्ता गप्प. "ताईने?" मुक्ताने ओठ आत घेतले. दिपमालाने फोन उचलला आणि बालवाडीच्या आयांच्या ग्रुपवर लिहिलं :

मुक्ता शाळेत बोलत नाही. अंगावर खूण आहे. मुलांना बाथरूमला कोण नेतं, कुणाला माहीत आहे का?

तिने कुणाचं नाव लिहिलं नव्हतं. हे तिने पुढे स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं. पण नाव लिहायची गरजच नव्हती. दहा मिनिटांत उत्तरं आली. ती तडवी नेते. मी आधीपासून म्हणत होते. यांना मुलांजवळ ठेवतातच कशाला. माझा तेजस पण रात्री दचकतो. कुणीतरी तिचा मेसेज दुसऱ्या ग्रुपवर पाठवला, तिथून तिसऱ्या. तासाभराने तो तिच्याकडेच परत आला, एका अनोळखी नंबरवरून, पण ओळखू न येण्यासारखा. त्यात मुक्ताची खूण जखम झाली होती आणि ताईचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव आणि फोन नंबर, ते भुसावळला कुठे राहतात हे सगळं खाली लिहिलेलं होतं. दिपमालाने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. मग पुन्हा सरळ केला, आपला मेसेज पुसला. पण आता तो पुसून काही होणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती मुक्ताला कडेवर घेऊन बालवाडीत गेली. लताबाईंना भेटून काय ते विचारायचं, एवढंच मनात होतं. मुलं आली होती; ग्रुपवर लिहिणाऱ्यांनीही कामाच्या घाईत आपापलं मूल नेहमीसारखं पोचवलं होतं. लताबाईंनी अजून फोन पाहिलेला नव्हता. दिपमाला त्यांना बाजूला घेऊन बोलायला लागणार, तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकली थांबल्याचे आवाज आले. एक, दोन, मग मोजता येईनात इतक्या.

लताबाई खिडकीतून बघून आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "हुरमत, मुलांना आतल्या खोलीत घे. कडी लाव." आणि त्या स्वतः पुढच्या ओट्यावर गेल्या, आपल्या मागे दार ओढून घेऊन.

आतल्या खोलीत अकरा मुलं, हुरमत आणि दिपमाला. हुरमतने पुढच्या दाराला आतून कडी घातली, वरचा अडसर लावला. अडसर दुसऱ्या प्रयत्नाला बसला. मग ती मुलांकडे वळली आणि तोंडभर हसली. ते हसणं तिने कुठून आणलं, देव जाणे. "चला रे, आपण बिळातले ससे. ससे कसे बसतात? कान कुठं?" मुलांनी डोक्यावर हातांचे कान केले. "शाबास. सशांनी आता गाजरं मोजायची. मनातल्या मनात." ती स्वतः कोपऱ्यात मुलांमध्ये बसली, डोक्यावर दोन हातांचे कान करून.

बाहेर घोषणा सुरू झाल्या. "तिला बाहेर काढा!" लताबाईंचा आवाज ऐकू येत होता, मग तो बुडाला. आणि दारावर थापा पडल्या. धडाधड. लाकडी दार चौकटीत हललं.

दिपमाला भिंतीला टेकून खाली बसली, मुक्ताला छातीशी घेऊन. तिच्या नाकात कांद्याचा वास भरला. खोलीत कांदा नव्हता. नऊ वर्षांची असताना दाराबाहेर कोण आहे, हे तिला माहीत होतं. आज दाराबाहेर तेजसचे पप्पा गिरधर होते, त्यांचा आवाज तिने ओळखला. कॉलनीतले आणखी दोघं-तिघं होते. बाकीचे कोण, ते तिला माहीत नव्हतं. ती सगळी माणसं तिच्यासाठी आली होती. तिने बोलावलं म्हणून आली होती. दार उघडलं असतं तर तिला कुणी हातही लावला नसता. आणि तरी तिचे दात वाजत होते.

तेव्हा मुक्ताने आपला डावा तळहात स्वतःच्या तोंडावर ठेवला आणि उजवा दिपमालाच्या तोंडावर.

"मम्मी, गप," ती बोटांच्या फटीतून कुजबुजली. "ते लोक येतील."

"कोण लोक, बाळा?"

मुक्ताने डोळ्यांनी दाखवलं. दाराकडे नाही. कोपऱ्यात डोक्यावर कान करून बसलेल्या हुरमतकडे.

"तूच म्हणालीस ना. ताईसमोर काही बोलायचं नाही. गप बसायचं."

दिपमालाला आठवलं. जुलैमधली सकाळ, जिन्यातून उतरताना, पोरीच्या वेणीला रबर लावता लावता. आपल्या घरातलं ताईला काही सांगायचं नाही हं. ती त्या लोकांतली आहे, तिच्यासमोर गप बसायचं. सहज बोलून गेली होती, रस्ता बघून चाल म्हणावं तसं. पोरीने ते अक्षरशः पाळलं होतं. तीन आठवडे, तहान लागली तरी, बाथरूमला लागली तरी. आईने शिकवलेलं ती कधी विसरायची नाही.

हुरमतने ते ऐकलं होतं. तिचे हात डोक्यावरून खाली आले नाहीत, पण चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती दिपमालाकडे बघत राहिली.

दिपमाला उठली. "मी जाते बाहेर."

"दार उघडू नका," हुरमत दबक्या आवाजात म्हणाली. "पोरं आहेत."

"मागून जाते."

मुक्ता सुटेना. हुरमतने हात पुढे केले. दिपमाला क्षणभर थांबली आणि मग तिने आपली पोरगी त्या हातांत दिली. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने ती घराला वळसा घालून ओट्यावर आली, लताबाईंच्या शेजारी. तीस-पस्तीस माणसं असतील. कितीतरी फोन वर धरलेले. इतक्या माणसांसमोर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"मी मुक्ताची आई," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. "मेसेज मी टाकला होता. ती खूण घसरगुंडीची आहे. ताईने मला तेव्हाच सांगितलं होतं. मला माहीत होतं."

गर्दी थोडी हलली. पुढचा एक तरुण फोन तिच्या तोंडाजवळ आणून म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. कुणाचा दबाव आहे का?"

"कुणाचा नाही."

"मग पोरगी बोलत का नाही?"

"माझ्यामुळे. मी सांगितलं होतं तिला, ताईशी बोलू नको म्हणून."

"का सांगितलं?"

याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच उत्तरासाठी ते जमले होते. दिपमाला गिरधरकडे बघून म्हणाली, "ताईचं नाव वाचलं म्हणून."

गिरधरने मान खाली घातली. मग तो पायऱ्या चढून लताबाईंना म्हणाला, "माझा तेजस द्या." त्याच्या मागोमाग कॉलनीतले बाकीचेही निघाले. बाहेरून आलेले मात्र हलले नाहीत. त्यांना खूण कशाची आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. कुणीतरी खिडकीवर दगड मारला, काच तडकली, आत एक मूल रडायला लागलं. वीस मिनिटांनी किरण प्लँटचे दोन सुरक्षारक्षक घेऊन धावत आला, मागून पोलिसांची गाडी आली. पोलिसांनी गर्दी पांगवली, दिपमालाला समज दिली, आणि हुरमतला मागच्या दाराने गाडीत बसवून घरी नेलं.

इथे ही गोष्ट निवळली असती तर बरं झालं असतं. पण दिपमालाचा ओट्यावरचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळीकडे फिरला. काहींनी तिला विकली गेलेली म्हटलं. काहींनी त्याहून वाईट. दोन दिवस एक मोटारसायकल बिल्डिंगसमोरच्या झाडाखाली उभी राहायची, तिच्यावरची पोरं वर बघत बसायची. दिपमालाने गॅलरीत कपडे वाळत घालणं बंद केलं. आजवर ज्यांना ती आपली माणसं म्हणायची त्यांची पावलं जिन्यात वाजली की ती दाराची कडी पुन्हा तपासायची. किरण चिडला होता. "आधी लिहायचं कशाला? आणि लिहिलं तर चार लोकांत उभं राहून सांगायचं कशाला? गप राहता येत नाही का तुला?"

त्या दुपारी तिने शब्दांची वही काढली आणि मागची पानं चाळली. फेब्रुवारीच्या एका पानावर तिच्या सुबक अक्षरात लिहिलेलं सापडलं. नवे शब्द : फाटक, पंक्चर, केळीचा ट्रक, ते लोक. त्यापुढे कंसात, मोठ्या कौतुकाने : मशिदीपाशी रिक्षात स्वतःहून म्हणाली.

तिने धुळ्याला फोन लावला. सुंदरबाईने उचलला. इकडचं तिकडचं न बोलता दिपमालाने विचारलं, "आई, मी तिसरीत होते, दंगल झाली, आपण पलंगाखाली बसलो होतो. त्या दिवशी दारावर कोण आलं होतं?"

"कोण म्हंजे? कौतिकभाऊ."

कौतिकभाऊ त्यांच्या गल्लीतच, चार घरं सोडून राहायचे.

"कौतिकभाऊ?"

"हा. तो बठ्ठास्ना दारे ठोकत फिरना ना. कड्या लावा, घरमा ऱ्हा, सांगे."

"सगळ्यांचीच दारं ठोकली त्यांनी? मग ते लोक? ते आले नव्हते?"

"कोनीच वनं नही व माय. आपली गल्लीमा कोनीच वनं नही."

"मला का नाही सांगितलं कधी?"

"तू कधी इचारंच नही," सुंदरबाई म्हणाली.

हुरमत बालवाडीत परत आली नाही. लताबाईंनी तिला बोलावलं होतं, पण पाच पालक म्हणाले, ती आली तर आम्ही मुलं काढतो. झालं ते झालं, पण उगाच कशाला. ती आपल्या पोरांना घेऊन यावल तालुक्यात माहेरी गेली, एवढं लताबाईंकडून कळलं. मुक्ता आता वर्गात बोलायला लागली होती, नव्या बाईंशी. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, भीती गेली की बोलेल. नव्या बाईंचं नाव मुक्ताला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर एका रविवारी दिपमाला मुक्ताला घेऊन निघाली. किरणला सांगितलं, पण तो आला नाही. यावलपर्यंत एस.टी., तिथून काळी-पिवळी. गाडीत पुढे एक दाढीवाले बाबा बसले होते, मागे दोन बुरख्यातल्या बायका. दिपमालाने मुक्ताचा हात घट्ट धरलेला होता. ही भीती जाईल असं तिला वाटलं होतं, पण गेली नव्हती. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, समोर सातपुडा. मुक्ता त्यातल्या एका बाईला डोंगराचं नाव विचारत होती आणि दिपमाला सगळी ताकद लावून नुसती खिडकीबाहेर बघत होती.

हुरमतचं घर मातीचं, अंगण सारवलेलं. तिच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. दिपमाला प्यायली. हुरमत दाराशी उभी राहिली, बसली नाही.

"माफी मागायला आलात?"

"हो."

"माफ केलं म्हणू? बरं, म्हटलं." तिच्या आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. "त्या दिवशी मला बाहेरच्यांची भीती नव्हती, मुक्ताची मम्मी. म्हणजे होती, पण ती नंतर. मी त्या अकरा पोरांकडे बघत होते. यातलं एखादं आता माझ्यापासून लांब सरकून बसेल का, याची भीती होती. सरकलं नाही कुणी. पण तुमची पोरगी बोलली, तेव्हा कळलं, एक आधीच सरकलेलं होतं."

दिपमाला म्हणाली, "परत या. मी बोलते सगळ्या पालकांशी. एकेकाच्या घरी जाऊन बोलते."

"माझ्या नवऱ्याचा नंबर अजून फिरतोय. अजून फोन येतात." हुरमतने मान हलवली. "मी नाही येणार."

अंगणाच्या कोपऱ्यात एक मुलगी शेळीच्या करडाला पाला भरवत होती. मुक्ताएवढीच, कदाचित सहा महिन्यांनी मोठी. मुक्ता केव्हाच तिच्याजवळ पोचली होती. करडाच्या पाठीवर हात ठेवून ती मोठ्याने म्हणाली, "तुझं नाव काय?"

हुरमतसमोर इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा बोलत होती. हुरमतच्या ते लक्षात आलं, तिचे डोळे एकदम तिकडे वळले. पण ती मुलगी उत्तर देईना. हातातला पाला तसाच धरून ती दाराकडे, आईच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"आम्हीच सांगितलंय तिला," हुरमत म्हणाली. "बाहेरच्या कुणी नाव विचारलं तर आधी आमच्याकडे बघायचं."

मुक्ताने पुन्हा विचारलं. करडू पाल्यासाठी मान ताणत होतं. हुरमत एकदा दिपमालाकडे बघून लेकीला म्हणाली, "सांग."

मुलगी काहीतरी पुटपुटली.

"काय?" मुक्ता म्हणाली. "मला ऐकू नाही आलं."

पण त्या मुलीने ते परत सांगितलं नाही.